घरं काढायची पद्धत

झडपेचं चाक जड होतं. तिने दोन्ही हातांनी जोर लावून ते फिरवलं. जमिनीखालच्या नळात आधी खरखर झाली, मग एखाद्या म्हाताऱ्याने घसा साफ करावा तसा आवाज आला आणि शेडच्या वरच्या टोकाला पाणी उसळलं. सिमेंटच्या डोंगरांमधून वाट काढत ते खाली निघालं.

पत्र्याच्या त्या लांबलचक शेडमध्ये एक अख्खं खोरं मावलं होतं. डोंगर कमरेएवढे, धरण गुडघ्याच्या जरा वर, नदी एका ढांगेत ओलांडता येईल एवढी. धरणाच्या खाली पूल, पुलापलीकडे गाव, आणि गावाच्या उतारावर, नदीच्या अगदी कडेला, खालची आळी. खऱ्या नदीवर जे करायचं ते आधी इथे करून बघायचं, म्हणून हे मॉडेल. कामावरचे सगळे त्याला 'बुटकी नदी' म्हणत. खरी नदी शेडपासून हाकेच्या अंतरावर वाहत होती. गावाच्या वरच्या अंगाला खरी भिंत पुरती उभी राहिली होती आणि तिच्यात लोखंडी दरवाजे बसवायचं काम चालू होतं. वारा इकडचा असला की घणांचे आवाज शेडमध्ये ऐकू येत.

दुपारी समिती येणार होती. समितीपुढे प्रश्न एकच होता: तलाव भरलेला असताना वरून पूर आला, तर दरवाजे जास्तीत जास्त किती उघडायचे? त्या आकड्यावर सही झाली की पुढच्या दोन-तीन पिढ्या पाणी त्याच हिशेबाने सुटणार. आकडा तिच्या वडिलांनी काढून ठेवला होता. बुटक्या नदीत त्यांनी तो वर्षानुवर्षं वाहवून पाहिला होता. एवढं पाणी सोडलं तर खालच्या आळीत घोटाभर येतं आणि निघून जातं, असं प्रत्येक अहवालात त्यांच्या सहीनिशी लिहिलेलं होतं. उन्हाळा लागता लागता ते गेले, आणि उरलेलं काम नियोजन कचेरीतून तिच्या अंगावर आलं.

तलाव कधी भरायचा, कधी रिता ठेवायचा, याची वेळापत्रकं ती गेली काही वर्षं कागदावर बसवत होती. ती सगळी वडिलांच्या आकड्यावर उभी होती. झडपेला हात लावायची वेळ मात्र कधी आली नव्हती. चार लोकांसमोर फजिती नको, म्हणून ती सकाळीच, कुणी यायच्या आत, एकदा पूर सोडून बघायला आली होती.

बुटक्या नदीत काळही बुटका असतो. खऱ्या नदीला रात्रभर लागतं ते इथे तासाभरात उरकतं. तलाव बघता बघता भरला. तिने धरणाचे पितळी दरवाजे वडिलांच्या आकड्याएवढे वर उचलले आणि मुठीतल्या कागदाच्या टिकल्या पाण्यावर सोडल्या. प्रवाह कुठे वळतो, कुठे थबकतो, ते या टिकल्यांवरून कळतं. टिकल्या एकमेकींना ढकलत पुलाखालून निसटल्या आणि खालच्या आळीच्या पहिल्या रांगेपाशी येऊन थांबल्या.

थांबल्या, आणि मग वर चढू लागल्या.

ती उकिडवी बसली. आळीतली घरं सागवानाची होती, उभ्या काड्यापेटीएवढी. ती शाळेत असताना वडील संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून एकेक घर तासायचे आणि ती बारक्या कुंचल्याने खिडक्या रंगवायची. कुठलीच खिडकी सरळ आली नव्हती. वडील म्हणायचे, असू दे, आपल्या आळीत तरी कुठे कुणाची खिडकी सरळ आहे! आता पाणी पहिल्या रांगेला अडून फुगलं होतं, बोळांतून आत शिरत होतं, मागच्या डोंगराला टेकून परत येत होतं. उंबरे गेले. दारं गेली. तिच्या वाकड्या खिडक्यांची खालची रेघ भिजली, मग वरची.

"अहो ताई! अहो, घरं नाही काढली?"

मामा दारातून धावत आले. शेडच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत. पंप, झडपा, झाडलोट, सगळं तेच बघायचे. खऱ्या नात्याने ते कुणाचेच मामा नव्हते, पण कामावर त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलेली कुणाच्या ऐकिवात नव्हती. त्यांनी डबा तिथेच डोंगरावर ठेवला आणि चाक उलटं फिरवलं.

"कुठली घरं?"

"खालच्या आळीची! पूर सोडायच्या आधी घरं काढायची असतात. ट्रेमध्ये लावून ठेवायची. पूर ओसरला, जमीन पुसली, की पुन्हा बसवायची. मग फोटो काढायचा. पद्धत आहे ती."

"का काढायची?"

"लाकूड फुगतं ना! तुमचे बाबा, आमचे साहेब, सांगायचे. फुगलं की खुंटी भोकातून निघत नाही."

"पूलही लाकडाचाच आहे, मामा. तो नाही फुगत?"

मामांनी पुलाकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांना आजवर पडला नसावा.

"पूल मोठा आहे," ते म्हणाले.

तिने कोपऱ्यावरचं एक घर चिमटीत धरून उचललं. खुंटी लोण्यातून सुरी निघावी तशी निघून आली. लाकडावर तेलाचा रंग होता. पाणी त्याच्यावरून कमळाच्या पानावरून ओघळावं तसं ओघळलं.

"पहिल्यापासून पद्धत होती ही?"

"पहिल्यापासून म्हणजे," मामा डोकं खाजवत म्हणाले, "पहिले एक-दोन पूर घरांसकट सोडले होते. तेव्हा मीही नवा होतो. त्या दिवशी सगळे घरी गेले तरी साहेब बसून राहिले. इथेच, तुम्ही बसलाय तिथे. मी म्हटलं, कुलूप लावायचंय. तर म्हणाले, चावी ठेवून जा. मग दोन-चार दिवसांनी हा ट्रे घेऊन आले. बघा किती नामी काम आहे! सुताराकडून करून घेतला. प्रत्येक घराला वेगळा खण. कुणाचं घर कुणाच्या खणात जायला नको. फार जपायचे हो ते."

"हो," ती म्हणाली. "जपायचे."

तिने हातातलं घर पुन्हा त्याच्या भोकात बसवलं. हात ओला होता, तो तिने साडीला पुसला, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

*

मुख्य अभियंत्यांच्या खोलीत पंखा चालू होता आणि टेबलावरचे सगळे कागद दगडांखाली दाबून ठेवले होते. दगड धरणाच्या पायातून निघालेले. ती लहान असताना त्यातला एकेक दगड ओळखून दाखवायची, आणि ते तिला गोळ्या द्यायचे. वडिलांचे ते जुने मित्र. कचेरीत ती त्यांना साहेब म्हणे. दार लावलेलं असलं की काका.

तिने दार लावून घेतलं.

"काका, बाबा घरं काढून पूर सोडायचे."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "बस आधी. चहा सांगू?"

"घरं नसली की पाणी मोकळ्या मैदानावरून पसरत जातं. घोटाभरच येणार. घरं असली की अडतं, फुगतं. सकाळी मी घरांसकट सोडलं. खिडक्यांच्या वर गेलं."

"मॉडेलचं लाकूड—"

"सागवान आहे, काका. वर तेलाचा रंग आहे. रंगवायला मी होते."

काकांनी एक दगड उचलून दुसऱ्या कागदावर ठेवला. मोकळा झालेला कागद फडफडायला लागला, तेव्हा पुन्हा जागच्या जागी ठेवला.

"मग तुझं म्हणणं काय?"

"आकडा खाली आणायचा. पावसाळ्यात तलाव थोडा रिता ठेवायचा, म्हणजे पूर आला तर पोटात घेता येईल. दरवाजे एवढे उघडायची पाळीच येणार नाही. मी बसवून देते वेळापत्रक. आठवड्याभराचं काम आहे."

"रिता ठेवायचा," काका म्हणाले. "म्हणजे खालच्या शहराला पाणी कमी. उन्हाळ्यात वीज कमी. ज्या कामासाठी एवढं धरण बांधलं, तेच अर्धं."

"आळीत माणसं राहतात, काका."

"शहरातही माणसंच राहतात. जास्त राहतात." ते हळू आवाजात बोलत होते, जणू पलीकडच्या खोलीत कुणी आजारी झोपलंय. "आज दुपारी तू घरं ठेवून पूर दाखवलास, तर समिती पहिला प्रश्न काय विचारेल, सांग बरं?"

"दरवाजे किती कमी उघडायचे."

ते तिच्याकडे बघत राहिले. चुकीच्या पेपराला बसून बरोबर उत्तर लिहून आलेल्या मुलाकडे बघावं तसे.

"तुझे बाबा तुझ्यापेक्षा जास्त समित्यांपुढे उभे राहिले होते," ते म्हणाले. "एवढा मोठा पूर शंभर वर्षांत एखादा येतो. कदाचित येतही नाही. काही मुठी झाकलेल्याच बऱ्या असतात, पोरी."

"या मुठीत माझी आई आहे."

काकांनी चष्मा काढून डोळे चोळले. नंतर बोलले ते चष्मा न लावताच, त्यामुळे त्यांची नजर तिच्यावर नव्हती, तिच्या आसपास कुठेतरी होती.

"तू इथे आली होतीस, पण आपलं हे बोलणं झालं नाही. मी असं धरून चालतो. तू काय करायचं ते तू ठरव."

*

ती जेवायला घरी गेली. शेडपासून घर चालत जाण्याएवढंच होतं. पुलावरून खाली उतरलं की आळी सुरू व्हायची. अरुंद बोळ, एकमेकांना खांदा लावून उभी घरं, दारातल्या कुंड्या, भिंतीला टेकवलेल्या सायकली. आज तिला प्रत्येक गोष्टीत अडलेलं पाणी दिसत होतं. हा ओटा पाणी इकडे वळवणार, ही कुंपणाची भिंत ते धरून ठेवणार. ती आपल्या घराच्या खिडकीपाशी थांबली. खिडकीची वरची चौकट तिच्या डोक्याच्याही वर होती. ती तिथे क्षणभर हात वर करून उभी राहिली.

"काय, धरणवाल्यांची लेक! खिडकी पडतेय का, हाताने धरलीये ती?"

एक घर सोडून पलीकडच्या ओट्यावर शिंपीकाका बसले होते. मशीन बंद करून बरीच वर्षं झाली होती, पण मापाची पट्टी अजून गळ्यात असायची. आळीतली मुलं म्हणायची, काका आंघोळीलाही ती काढत नाहीत.

"नाही काका, सहज."

"आज मोठी माणसं येणार म्हणे. त्यांना आमचा निरोप सांग. म्हणावं, ही आळी तुमच्या नकाशात नव्हतीच. हिच्या बापाने ती नकाशात घातली." ते ओट्यावर थाप मारत म्हणाले, "इथे उभा होता, या ओट्यावर. सगळी आळी जमलेली. धरण खालच्या वळणावर होणार, तुम्ही सगळे तलावाच्या पोटात जाणार, असं पहिलं ठरलं होतं. हा भांडला, भिंत वर सरकवून आला, आणि इथे उभा राहून म्हणाला, आळीची एक वीट हलणार नाही. माझा शब्द. मी त्याला तिथल्या तिथे सदरा बेतला. माप न घेता! छाती एवढी फुगली होती की माप घेऊन उपयोगच नव्हता."

ती हसली. तिला दिसलं, की शिंपीकाकाही आठवणीने हसतायत आणि त्यांचे डोळे भरलेत, म्हणून ती लवकर आत गेली.

आईने पानं मांडून ठेवली होती. आणि कॉट खाली आणली होती. वरच्या खोलीतली वडिलांची कॉट, आता खालच्या खोलीत, खिडकीला लागून.

"ही खाली कशी आली?"

"शेजारच्या पोरांनी आणून दिली. गुडघे बोलायला लागलेत गं माझे. जिना चढले की पायरीपायरीला टोमणे मारतात. इथे बरं. वारा येतो, नदीचा आवाज येतो. माणूस असल्यासारखं वाटतं."

ती कॉटवर बसली. खिडकीची कड तिच्या खांद्याशी आली. उशी तिच्या हाताशी होती, तिच्यावर आईच्या केसांच्या तेलाचा डाग होता.

"आई, बाबा कधी म्हणाले होते का, इथून दुसरीकडे राहायला जाऊ म्हणून?"

"एकदा." आई ताटात भाजी वाढत होती, तिचा हात थांबला नाही. "आळीत भाषण ठोकून आले, त्याच्या वर्षा-दोन वर्षांनी. जेवता जेवता म्हणाले, वरच्या बाजूला एखादं घर बघू या का? मी म्हटलं, लोकांना सांगितलंत वीट हलणार नाही आणि आपणच हलायचं? तोंड दाखवायला जागा राहील का? त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून पाऊस जास्त झाला की माणूस खिडकीशी जाऊन उभा. मी म्हणायची, काय बघता? म्हणायचे, काही नाही, पाणी किती आलंय बघतो. शब्द देणाऱ्याची झोप जाते बघ. घेणारा घोरतो."

"आणि आता? आपण वर जाऊ या म्हटलं तर?"

आईने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "काही झालंय का कामावर?"

"नाही."

"मग जेव. तुझे बाबा इथून चौघांच्या खांद्यावर गेले, तशीच मी जाणार. तोवर कुणी मला उठवायचं नाही. तूसुद्धा नाही."

ती जेवली. काय जेवली ते तिला सांगता आलं नसतं. निघताना तिने कॉटच्या कठड्याला हात लावून ती आतल्या भिंतीकडे ढकलून पाहिली, खिडकीपासून थोडी दूर. हातभर सरकवून काय होणार होतं, ते तिला ठाऊक होतं. तरी तिने ती सरकवली.

*

समितीची माणसं वेळेवर आली. अध्यक्ष वयस्कर, मृदू आवाजाचे, समोरच्याचं बोलणं मान तिरकी करून ऐकणारे. त्यांच्याबरोबर एक सदस्य होते, त्यांच्या हातात छत्री होती आणि ती ते डोंगरांकडे बोट दाखवायला वापरत होते. आणखी दोघं होती, ती लिहून घेत होती. मुख्य अभियंते सगळ्यांच्या मागे, दाराजवळ उभे राहिले.

मामा ट्रे घेऊन तयार होते. धुतलेला सदरा घातला होता.

"ताई, काढू?"

"नको, मामा."

"अहो पण पद्धत—"

"आज राहू देत."

तिने चाक फिरवलं. सकाळपेक्षा ते हलकं वाटलं. तलाव भरला, दरवाजे उचलले गेले, टिकल्या पुलाखालून आल्या आणि पहिल्या रांगेशी अडल्या. छत्री हवेतल्या हवेत थांबली. पाणी बोळांत शिरलं, डोंगराला टेकून मागे फिरलं, खिडक्या बुडाल्या, आणि काही वेळाने नुसती छपरं दिसत राहिली, काठाकाठाने मांडलेल्या पाटांसारखी. लिहिणारी दोघंही लिहायची थांबली होती.

"आधीच्या सगळ्या चाचण्या घरं काढून झाल्या होत्या," ती म्हणाली. आवाज आपलाच आहे ना, याची तिला एकदा ऐकून खात्री करावी लागली. "त्यामुळे अहवालातला आकडा चुकीचा आहे. तो खाली आणावा लागेल. पावसाळ्यात तलाव किती रिता ठेवायचा, ते मी बसवून देऊ शकते."

"घरं काढून?" अध्यक्षांनी विचारलं. "कुणी काढली होती?"

"माझ्या वडिलांनी."

अध्यक्षांनी मान हलवली. त्यात राग नव्हता, उलट कुणाच्या घरी दुःख झाल्याचं कळल्यावर हलवतात तशी मान होती ती. ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि पाण्यातून वर आलेल्या छपरांकडे बराच वेळ बघत राहिले.

"किती वस्ती आहे ही?"

तिने सांगितलं.

"फार नाही," छत्रीवाले म्हणाले.

"आणि बाकी गावाला काही त्रास नाही. पूल सुरक्षित, बाजार सुरक्षित." अध्यक्ष सरळ उभे राहिले. "म्हणजे अडचण आहे ती एवढीच."

"ती अडचण नाही, साहेब. लोक राहतात तिथे."

"हो हो, बाई, लोकांचंच म्हणतोय मी. त्यांच्याच जिवाचा प्रश्न आहे." ते तिच्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीची कळकळ होती. "एक करता का? ही घरं काढून एकदा दाखवता?"

शेडच्या पत्र्यावर कुठूनतरी कबुतरं चालल्याचा आवाज येत होता. तिला दाराकडे बघितल्याशिवाय राहवलं नाही. काकांनी मान खाली घातली होती आणि ते आपल्या बुटांची टोकं न्याहाळत होते.

"ते आधीच्या अहवालात आहे," ती म्हणाली.

"कागदावर वाचलंय मी. डोळ्यांनी बघू द्या की."

पाणी ओसरलं. मामा ट्रे घेऊन पुढे झाले. अखेर रीतसर काम होतंय म्हणून त्यांचा चेहरा खुलला होता. पहिली रांग त्यांनी भराभर काढली, प्रत्येक घर फडक्याने पुसून त्याच्या त्याच्या खणात ठेवलं. मग डोंगराला लागून असलेल्या मागच्या रांगेपाशी ते अडले. हात लांबवला, कमरेत कळ आली, हात मागे घेतला.

"ही रांग साहेबच काढायचे," ते तिला हळूच म्हणाले. "माझा हात पोचत नाही तिथे."

सगळे थांबले होते. कुणी तिला काढ म्हटलं नाही. तिने चपला काढल्या, ओल्या सिमेंटवर गुडघा टेकला आणि एकेक घर उचलायला लागली. शिंप्याचं. शेजाऱ्यांचं. त्यानंतरचं घर उचलताना तिची बोटं त्याच्याभोवती पूर्ण मिटली, आणि ती मूठ काही क्षण तशीच राहिली. मग तिने ती ट्रेवर उघडली.

पाणी पुन्हा सुटलं. या वेळी टिकल्या कुठेच थबकल्या नाहीत. पुलाखालून निघाल्या आणि मोकळ्या हिरव्या जमिनीवरून एका लयीत, पंख्याच्या घडीसारख्या उलगडत, घसरत गेल्या. घोटाभर पाणी. खाली जाऊन ते पुन्हा नदीत मिसळलं, जणू कधी बाहेर आलंच नव्हतं.

"वा!" छत्रीवाले म्हणाले. "किती सुरेख!"

"मला वाटतं, आपलं सगळ्यांचं समाधान झालंय," अध्यक्ष म्हणाले. लिहिणाऱ्या दोघांनी लिहून घेतलं. "आकडा आहे तोच ठेवू. फक्त तिथली जागा आधी मोकळी करून घ्यावी लागेल. पावसाळ्याच्या आत." ते तिच्याजवळ आले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही लक्षात आणून दिलंत, फार बरं झालं. नाहीतर उद्या ते लोक झोपेत गेले असते. वडिलांना अभिमान वाटला असता तुमचा."

तिने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. अध्यक्ष मान तिरकी करून थांबले, ऐकायची त्यांची पूर्ण तयारी होती. तिची नजर ट्रेकडे गेली. त्यांनी समजुतीने खांदा थोपटला आणि ते वळले.

मामांनी पंप बंद केला होता. त्यांनी फडकं पिळलं, आळीची जमीन कोरडी केली, ट्रेमधलं पहिलं घर उचललं आणि खुंटी भोकावर धरली.

"अहो, आता कशाला लावता?" दाराकडे जाता जाता अध्यक्ष म्हणाले. "असू दे असंच."

मामांचा हात तिथेच राहिला. त्यांनी घराकडे पाहिलं, मग ट्रेकडे, मग निघालेल्या माणसांकडे.

"मग ही ठेवू कुठे?"

"ठेवा की कुठेतरी," छत्रीवाले हसून म्हणाले आणि बाहेर पडले. खडीवर बूट वाजले, गाडीची दारं लागली. काका दारात थोडा वेळ घुटमळले. त्यांना काही बोलायचं असावं. मग तेही गेले.

"ताई?" मामांनी विचारलं.

तिने ट्रे आपल्या हातात घेतला. दिसत होता त्यापेक्षा तो जड होता. तिच्या पायाखाली उरलंसुरलं पाणी घुटके घेत नळात उतरत होतं. समोरच्या सपाट जमिनीवर खुंट्यांची भोकं रांगेने उघडी पडली होती, मामांच्या फडक्याने पुसली न गेलेली, आणि प्रत्येक भोक काठोकाठ भरलेलं होतं.